मांडीवरचं वल्हं

शहरातून कातळबंदरला पोचायला सात तास पुरतात. हेमांगी कुबलला या खेपेला तीन वर्षं लागली.

स्टँडवर उतरली तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा होता आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. तिच्या पिशवीत या हंगामाचा अंदाज होता, तिच्या संस्थेच्या यंत्राने काढलेला. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत कोणत्या पाण्यात कोणता मासा मिळण्याची किती शक्यता, हे किनाऱ्याचे एकेक किलोमीटरचे चौकोन पाडून त्यात रंगवलेलं होतं. गडद हिरवा म्हणजे भरपूर, पिवळा म्हणजे बेताचा, पांढरा म्हणजे फेरी फुकट. पावसाळी बंदी आता पंधरा ऑगस्टपर्यंत लांबली होती आणि ती उठायच्या आत सगळ्या किनाऱ्याला हा नकाशा हवा असे. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये तो तिने वाचून दाखवायचा होता. मागची दोन वर्षं हे काम तिने पडद्यावरून उरकलं होतं, कामाचा डोंगर आहे असं सांगून.

स्टँडच्या कोपऱ्यावर शालनमावशी सुक्या बांगड्यांची पाटी घेऊन बसली होती. तिने डोळे बारीक केले.

"कोण ता? हेमा? अगो, फोनात जाडी दिसतंस तू."

"बरी आसंस मावशी?"

"माका काय धाड भरली? ताजो मासो नाय म्हणान सुको विकतंय. तुझ्या यंत्राक ईचार, माझी पाटी कधी भरतली." मग आवाज थोडा उतरवून म्हणाली, "काकाक बघूक इलंस? घराकच आसा. होडयेत कोण घेयत नाय तेका. म्हाताऱ्यान माशाची जागा विकल्यान ना."

हेमांगीने मान खाली घातली. त्याने नाही विकली, एवढंच म्हणायचं होतं. तीन वर्षं तेवढंच म्हणायचं राहिलं होतं. तिने पाव किलो बांगडे घेतले आणि वाट धरली.

लवूकाका पडवीत दुसऱ्या कोणाचं तरी फाटकं जाळं सांधत बसला होता. वय शहात्तर. काकी गेल्यापासून एकटाच. त्याने तिच्याकडे पाहिलं, जाळं बाजूला सारलं आणि म्हणाला, "पाय धू. चाय ठेवतंय."

पाय धुऊन ती आत गेली आणि जागच्या जागी थांबली. माजघरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवं लावलेलं त्याचं वल्हं होतं. सागवानी, मुठीशी काळं पडलेलं. त्यावर दोन बनियनं, एक पंचा आणि एक लुंगी वाळत घातली होती.

* * *

घोळ हा मासा बोलतो. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, कोळी तिला बोत म्हणतात. ती माशाला पाण्यात तोलून धरते. नराच्या पोटाचे स्नायू त्या पिशवीवर वेगाने थरथरले की ढोलक्यावर बोटं फिरवावी तसा आवाज निघतो. पाऊस ओसरायला लागला की दिवस कलताना शेकडो नर एका ठिकाणी जमून असे वाजू लागतात. त्या आवाजावर माद्या येतात आणि अंडी सोडतात.

हा आवाज माणसाला ऐकू येत नाही, कारण पाण्यातला आवाज वर हवेत शिरत नाही. पृष्ठभागावर आपटून तो जवळजवळ सगळा माघारी फिरतो. लाकडात मात्र तो सहज शिरतो. वल्ह्याची पाती पाण्यात बुडवून मूठ कानामागच्या हाडाला टेकवली, की हवेला बाजूला ठेवून आवाज थेट कवटीत उतरतो. हे कारण हेमांगी कॉलेजात शिकली. त्याचा उपयोग तिने त्याआधी दहा वर्षं पाहिला होता.

लवूकाका सगळ्यांच्या पुढच्या होडीत बसायचा. वल्हं पाण्यात सोडून डोळे मिटायचा. घोळ वाजत असली तर होडीच्या काठावर मुठीने दोनदा ठोकायचा, आणि मागच्या होड्या जाळी टाकायच्या. काही नसलं तर वल्हं बाहेर काढून पाणी झटकायचा आणि पुढे निघायचा. हेमांगीचे वडील ती सहा वर्षांची असताना दर्यात राहिले. त्यानंतर बाईमाणसाला होडीत न्यायचं नाही हा गावचा रिवाज मोडून काका तिला बरोबर नेऊ लागला. लोक बोलले. तो म्हणायचा, "बापूस नाय तिका. घराक बसवन काय करू, रडवू?"

अकरा वर्षांची असताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बायोची खडप म्हणून पाण्याखाली एक मोठा खडक होता. तिथे काका वल्हं पाण्यात सोडायचा, खूप वेळ ऐकायचा, मग ते उचलून मांडीवर आडवं ठेवायचा, हात पुसायचा आणि मागच्यांना ओरडून सांगायचा, "काय नाय! चला!" पाणी झटकायचा नाही. एके दिवशी तो लघवीसाठी होडीच्या मागच्या टोकाला गेला, तेवढ्यात तिने वल्हं पाण्यात सोडून कान लावला. तिच्या दातांपर्यंत थरथर पोचली.

"काका, हंय तर कितकी आसत!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "हंय ती पोरां घालतत. बाळंतिणीच्या खोलयेत जाळां घेवन जावचा नाय. माझ्या बापाशीन माका तोंडान नाय सांगल्यान, वल्ह्यान दाखवल्यान. तू ईचारलंस म्हणान तुका सांगतंय. इसर आता."

ती विसरली नाही.

* * *

हंगामाचे अंदाज पूर्वीही निघत. नैर्ऋत्येचे वारे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला लोटतात, खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तो हिरवेपणा उपग्रहाला दिसतो. पण यावरून अन्न कुठे आहे तेवढं कळतं. जेवायला कोण आलंय ते कळत नाही. हेमांगीच्या गटाने किनाऱ्यावर तेवीस तरंगते बोये सोडले, प्रत्येकाखाली पाण्यातला आवाज टिपणारा मायक्रोफोन. आता समुद्र ऐकू येऊ लागला.

आवाज मिळाला तरी यंत्राला त्याचा अर्थ कळत नाही. कोळंबीची तडतड, बोटीच्या पंख्याची घरघर, घोळीचा ढोल, सगळं त्याला सारखंच. कोणीतरी जाणत्याने शेजारी बसून सांगावं लागतं की हा घोळीचा, हा नाही. तशी हजारो उदाहरणं दिली की मग यंत्र आपलं आपण ओळखू लागतं. जाणता माणूस हेमांगीच्या घरातच होता. दोन हंगाम लवूकाका बोयांजवळ होडी नेऊन वल्ह्याने ऐकत राहिला. प्रत्येक वेळी "आसा" म्हटलं की संस्थेचा तंत्रज्ञ एक नोंदवी, "नाय" म्हटलं की शून्य. पुरावा म्हणून होडीत छोटा कॅमेरा लावलेला असे.

यंत्र काही शिकेना. दहापैकी चार वेळा चुकायचं, आणि नेमकं आवाज मोठा असला की हमखास चुकायचं. अहवालाची तारीख जवळ आली होती. हेमांगीने नोंदी आणि आवाज शेजारी शेजारी मांडले तेव्हा एका जागेवरच्या चौदा नोंदी, प्रत्येकीत अख्ख्या संध्याकाळचे शेकडो आवाज, वेगळ्या पडल्या. आवाज कानठळ्या बसवणारा, आणि नोंद शून्य. यंत्र त्यातून शिकलं होतं की थोडी घोळ वाजते ती घोळ, आणि हजारो वाजतात ते दुसरंच काहीतरी.

बाहेरचा कोणी असता तर त्याने मायक्रोफोन बिघडला म्हणून त्या चौदा नोंदी टाकून दिल्या असत्या. हेमांगीने चित्रफीत उघडली. चौदाही वेळा वल्हं मांडीवर आडवं होतं.

तिने चौदा शून्यांचे चौदा एक केले. शेरा लिहिला: निरीक्षकाची नोंद दुरुस्त. दहा मिनिटांचं काम. यंत्र दहात नऊ वेळा बरोबर येऊ लागलं. त्या दिवशी तिने सगळ्या गटाला आइस्क्रीम दिलं होतं, हे तिला नंतर वारंवार आठवे.

पहिल्याच अंदाजात बायोच्या खडपीचा चौकोन नकाशावर सगळ्यांत गडद उमटला. तीन दिवसांत तिथे नव्वद मोठ्या बोटी येऊन गेल्या, बहुतेक परजिल्ह्यांतल्या. अंड्यांनी भरलेल्या माद्यांचे ढीग बंदरात पडले होते. पुढच्या वर्षी खडपीवर काही वाजलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आणि खडपीवरून बाहेर पसरणारी घोळ थांबली, तशी कातळबंदरच्या लहान होड्यांची श्रावण-भाद्रपदाची जाळी रिकामी येऊ लागली.

गावाने हिशेब सोपा केला. यंत्राबरोबर होडीत कोण बसलं होतं? लवू कुबल. तिथे काही नाही असं आम्हाला पन्नास वर्षं कोण सांगत होतं? लवू कुबल. त्याचं पुढच्या होडीतलं बसणं बंद झालं. नारळी पुनवेला गावचा नारळ वल्हं ऐकणाऱ्याच्या हातून दर्यात जायचा, तो त्याच्या हातून काढून चेअरमन दिगंबर मेथरच्या हाती दिला. हे सगळं हेमांगीला फोनवर कळलं होतं. काकाने नाही सांगितलं. काका फोनवर, पाऊस बरा आसा, एवढंच सांगे.

* * *

चहा पिऊन झाला तरी तिला सुरुवात करता येईना. शेवटी ती वल्ह्यावरच्या बनियनाकडे बघत म्हणाली, "काका, ता मी केलंय. तू नाय म्हणालंस थंय मी आसा लिहिलंय."

"म्हायत आसा."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून." त्याने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "नव्वद बोटी बघितलंय खडपीर, आणि मगे माझ्या मांडयेकडे बघितलंय. ह्या वल्हा कोण वाचतलो? माझो बापूस मेलो. तुझी काकी कधी होडयेत बसाक नाय. रवली कोण?"

"मगे गप कित्याक ऱ्हवलंस? तुका वाळीत टाकल्यानी."

"तुझा नाव घेतलंय आसतंय तर ईचारल्यानी आसता, चेडवाक कसा कळला? मगे वल्हा इला आसता तोंडार. मगे दर एकजण माझ्या मांडयेकडे बघीत बसलो आसतो." सुई जाळ्यातून फिरत राहिली. "अजून एक जागा आसा, हेमा."

हेमांगी इथे त्याचसाठी आली होती, आणि तिला ते बोलवेना.

"म्हायत आसा," ती म्हणाली. "एकोणीस नंबरच्या बोयान धरल्यान."

सुई थांबली. तीन वर्षांत गावाने त्याला जे जे केलं त्याने त्याचा चेहरा कसा झाला असेल ते तिने पाहिलं नव्हतं. आत्ता झालेला पाहिला.

"नकाशात इली?"

"गडद हिरवी आसा. उद्या वाचूचा आसा."

त्याने सुई जाळ्यात खोवून ठेवली. मग उठला, वल्ह्यावरचे कपडे एकेक करून काढले, घडी घालून खाटेवर ठेवले आणि वल्हं खाली उतरवलं. "चल. डोळ्यान नाय, कानान बघ. मगे काय वाचूचा ता वाच."

ती जागा कुठे आहे ते इथे सांगायचं कारण नाही. काकाची पात, त्याची छोटी होडी, दोघांना पुरेशी होती आणि पाणी त्या संध्याकाळी शांत होतं. सूर्य ढगामागे कललेला. काकाने वल्हं तिच्या हातात दिलं. मूठ अजून ओलसर होती आणि तिला साबणाचा वास येत होता.

तिने ती कानामागे टेकवली. आधी कढईत मोहरी तडतडावी तशी कोळंबीची तडतड. मग तिच्याखालून एक ढोल. थांबला. दुसरा, जरा बारीक. मग तिसरा, खूप खर्जातला, म्हणजे मोठा, जुना नर. तिने सवयीने मोजायला सुरुवात केली. नऊ. फार तर दहा. बायोच्या खडपीवर मोजता येत नसे, तिथे नुसती गर्जना असायची. इथे प्रत्येकाचा आवाज वेगळा कळत होता, प्रत्येक जण वाजवून थांबत होता, उत्तराची वाट बघितल्यासारखा. तेवढ्या नऊ आवाजांवरून तिच्या यंत्राने हजार बोटींना पुरेल इतका हिरवा रंग काढला होता, कारण मोठा आवाज म्हणजे मोठं घबाड हे तिनेच त्याला शिकवलं होतं, आणि बोया या नऊ जणांच्या डोक्यावरच तरंगत होता.

तिने वल्हं उचललं. काका आपल्याकडे का बघतोय ते तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने खाली पाहिलं. वल्हं तिच्या मांडीवर आडवं होतं.

तिला कानापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. चोरलेली वस्तू अंगावर घालून मालकासमोर उभं राहावं तसं.

काकाने नजर काढून घेतली. "काय नाय मा?" तो म्हणाला. "चल तर."

* * *

त्या रात्री तिने दोन कामं केली. पहिलं, चौकोन बदलले. एक किलोमीटरच्या ऐवजी पंचवीस किलोमीटरचे. एवढ्या मोठ्या चौकोनात एकच रंग भरायचा म्हटलं की आतल्या सगळ्या जागांची सरासरी निघते, आणि नऊ माशांची जागा त्यात विरून जाते. एकोणीस नंबरचा चौकोन एकटा पुसला असता तर पुसलेल्या जागीच सगळे धावले असते. म्हणून सगळेच मोठे करायला हवे होते. बोयांचे मूळ आवाज लोकांसाठी खुले होते, तेही तिने बंद केले. शास्त्रज्ञ म्हणून शेवटची सही तिची असे, तिने ती केली.

दुसरं काम संचालकांना फोन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हेमांगी, तू नोंद बिघडवली नाहीस, दुरुस्त केलीस. निकाल बरोबर आला. यात कबूल करण्यासारखं काय आहे?"

"निरीक्षकाने शून्य सांगितलं होतं, सर."

"कारण तो खोटं सांगत होता."

"हो. आणि का ते मला एकटीलाच माहीत होतं."

"हे तू लेखी दिलंस तर मला चौकशी लावावी लागेल. प्रकल्प तुझ्याकडे राहणार नाही."

"देते," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की हे वाक्य तीन वर्षांपूर्वीही इतकंच छोटं होतं.

* * *

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी शंभरेक माणसं होती. पुढे खुर्चीवर दिगंबर मेथर, भिंतीशी बाया, पुढ्यात शालनमावशी. लवूकाका आत आला नाही. दाराबाहेर पायरीवर बसला.

पडद्यावर नकाशा उमटला आणि आधी कोणाला काही कळेना. सगळा किनारा आठ-दहा मोठ्या ठोकळ्यांत.

"ह्या काय?" दिगंबर म्हणाला. "यंत्राक मोतीबिंदू झालो काय?"

हॉल हसला.

"यापुढे अंदाज याच आकारात येईल," हेमांगी म्हणाली. "लहान जागा दाखवल्या की मोठ्या बोटी तिथे एकदम उतरतात. मासा उरत नाही."

"मोठ्या बोटयेक फरक पडणा नाय, बाय. ती दहा ठिकाणा फिरतली. आमच्या होडयेची बॅटरी एका फेरयेची. पंचवीस किलोमीटरात खंय शोधू, दिवो लावन?" हे बरोबर होतं. ती तसं म्हणालीही. गलका वाढला. कोणीतरी मागून ओरडलं, "म्हाताऱ्याक ईचारा, तो विकता जागा!"

हेमांगीने माईक खाली ठेवला. पुस्तकी मराठी तिच्या तोंडून आपोआप गळाली.

"काकान जागा विकूक नाय. कोणाक सांगूक पण नाय. यंत्राक तेनी 'हंय काय नाय' असाच सांगल्यान, चौदा वेळा. ती चौदा नोंदी मी बदलल्या. बायोची खडप नकाशात घातली ती मी. मी काय करतंय ता तेका म्हायत नाय होता, माका होता. आणि तुमी तेका वाळीत टाकलास तेव्हा मी गप ऱ्हवलंय. तीन वर्सां."

पुढच्या रांगेतली डोकी दाराबाहेरच्या पायरीकडे वळली.

शालनमावशी उभी राहिली. तिला काही बोलायचं होतं, पण ते आधी हेमांगीला सुनवायचं की आपल्या लोकांना, हे तिचं ठरेना. "तेच्या बायलेच्या बाराव्याक आमी कोण गेलंव नाय," ती शेवटी म्हणाली. आणि मग हेमांगीकडे वळून, "आणि तू? तू पण नाय इलंस. आमका वाटला, लाज वाटता तुका काकाची."

हेमांगी आली नव्हती हे खरं होतं. परदेशात परिषद होती. ती पुढे ढकलता आली असती.

दिगंबर मेथर खुर्चीतून पुढे वाकला. "एक सांग. तेनी नाय म्हटल्यान, तर तुका कसा कळला आसा म्हणान?"

"ता सांगूचा नाय."

"सांगूचा नाय म्हणजे? हंय उभी ऱ्हवान आमका..."

"नाय सांगूचा म्हणता तर नाय सांगूचा," दाराबाहेरून आवाज आला. लवूकाका मागे वळला नव्हता. पाठमोराच बोलला होता.

दिगंबर पुन्हा खुर्चीत टेकला. लोक हळूहळू उठले. हेमांगी सामान आवरत असताना तिच्या बाजूने शंभर माणसं बाहेर पडली आणि एकाचाही धक्का तिला लागला नाही, इतकं अंतर ठेवून पडली.

* * *

नारळी पुनवेला तिला कोणी बोलावलं नव्हतं. चौकशीचं पत्र आलं होतं, रजा भरपूर होती, ती आली. जेटीवर शेवटच्या खांबाशी उभी राहिली.

नारळ लवूकाकाच्या हातात होता. दिगंबरने स्वतः घरी नेऊन दिला म्हणे, आणि पायरीवर बराच वेळ बसून राहिला. काकाने नवा सदरा घातला होता. होडीत चढताना तो तिच्या अंगावरून गेला, बघितलं, मान हलवली. ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तेवढीच.

शालनमावशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. दुसरीकडे जागा होती तरी गेली नाही.

होड्या निघाल्या, पुढची काकाची. बंदराच्या तोंडावर काकाने नारळ पाण्यात सोडला आणि ओरडा झाला. मग रिवाजाप्रमाणे त्याने वल्हं हातात घेतलं. मागच्या चाळीस होड्या थांबल्या. त्या नऊ घोळींच्या जागेजवळून होड्या जात होत्या आणि ती जागा हेमांगीला जेटीवरून नीट दिसत होती. ऊन उतरू लागलं होतं. वाजायची वेळ हीच.

काकाने वल्हं पाण्यात सोडलं, मूठ कानामागे टेकवली. डोळे मिटले. आता तो वल्हं उचलून मांडीवर ठेवील, नाहीतर पाणी झटकील. मांडीवर ठेवलं तर नऊ अजून आहेत. झटकलं तर संपलं.

त्याने वल्हं उचललं आणि न बघताच मागे बसलेल्या माणसाच्या हातात दिलं. मग ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं. होडी पुढे गेली. पुढच्या जागी पुन्हा तेच. वल्हं मागे दिलं, तोंड धुतलं. त्याच्यापुढच्या जागी काठावर दोन ठोके पडले आणि जाळी सुटली.

पन्नास वर्षांची खूण त्याने बदलली होती; राखलेली जागा आणि रिकामी जागा आता दिसायला सारखीच. आणि ती जुनी खूण वाचणारं या सगळ्या किनाऱ्यावर एकच माणूस होतं.

"काय म्हणता गो म्हातारो?" शालनमावशीने विचारलं. "पयल्या जागेर आसा काय काय?"

हेमांगीच्या हातात फोन होता. संस्थेने तिचं नाव अजून यंत्रातून काढलेलं नव्हतं. एकोणीस नंबरवर बोट ठेवलं असतं तर याच घटकेचा आवाज तिच्या कानात आला असता. पुढच्या वर्षी तिच्या जागी दुसरं कोणी येईल, मोठे चौकोन पुन्हा लहान करील, तेही तिला माहीत होतं.

तिने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

"माका कळूक नाय, मावशी," ती म्हणाली.